तीन इंची पाइपला धुराडं म्हणू नका

चुलीच्या धुराड्याचा विषय आता संपला, असं हल्ली शिकलीसवरली माणसं ठामपणे सांगतात. बैठकांत सांगतात, कॉलेजातल्या परिसंवादांत सांगतात. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतले, ज्यांच्या आईनं जन्मभर पऱ्हाटी जाळून भाकरी भाजल्या, तेही सांगतात. त्यांचं म्हणणं असं की निर्धूर चुलींची सरकारी योजना दोन दशकं चालली आणि बुडाली. धुराडी बसवली, ती लोकांनी उपटून फेकली. मोठमोठ्या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास करून त्यांचा उपयोग नसल्याचं दाखवून दिलं. आता उज्ज्वला आली, घरोघर सिलिंडर पोचला, तेव्हा चुलीवर आणखी पैसा घालणं म्हणजे उलट्या दिशेनं चालणं. यातली प्रत्येक गोष्ट अर्धी खरी आहे. उरलेलं अर्धं कोणी सांगत नाही आणि त्याची किंमत चुलीपुढं बसलेली बाई मोजते, म्हणून हे उत्तर.

गॅसपासूनच सुरुवात करू. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ज्या घरांत कधी शेगडी येईल असं वाटलं नव्हतं तिथं ती आली. हे चांगलंच झालं. कोणाला चूल सोडून गॅसवर जाता येत असेल तर त्यानं आजच जावं, त्यावर माझा वाद नाही. पण कनेक्शन मिळालं म्हणजे चूल विझली, हा हिशेब कागदावरचा आहे. महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात उज्ज्वलाच्या लाभार्थ्यांचा सरासरी वापर वर्षाला ३.२१ सिलिंडर इतकाच निघाला. पाच-सहा माणसांच्या घराला तेवढ्यात वर्ष निघत नाही, हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. मग उरलेले महिने काय जळतं? अंजनगाव बारीच्या रस्त्यानं फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. कापसाचा शेवटचा वेचा झाला की पऱ्हाटी उपटली जाते, मोळ्या बांधून घराच्या भिंतीला लागते. तुरीच्या तुराट्या आहेत, गोवऱ्या आहेत, बाभळीची धसकटं आहेत. (कृषी खातं बोंडअळीमुळे पऱ्हाटी साठवू नका म्हणून दरवर्षी सांगतं आणि ते बरोबरच सांगतं, पण फुकटचं जळण दारात असताना ते कोण फेकेल?) आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण, पाहुणे आले की मटण, पोळ्याच्या सणाचा स्वयंपाक, रोडग्यांचा बेत, हे सगळं आजही चुलीवरच होतं. शेगडी ओट्यावर असते आणि चूल मागच्या पडवीत किंवा टिनाच्या खोलीत. ज्या घरात दोन्ही आहे त्या घराला चुलीचं धुराडं नको, असं म्हणणं म्हणजे मोटार आहे म्हणून सायकलचे ब्रेक काढून टाकण्यासारखं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार घरातल्या अशा धुरानं २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं गेली, त्यात पाच वर्षांखालची मुलं दोन लाखांहून जास्त. ज्या गोष्टीनं इतकी माणसं जातात तिच्यावरचा उपाय 'जुना झाला' म्हणून सोडून देता येत नाही.

आता दुसरा आरोप: धुराडं ही आपल्याकडची गोष्टच नाही, म्हणून ती रुजली नाही. हा आरोप वऱ्हाडात तरी कोणी करू नये. कापसाच्या पाठोपाठ इथं रेल्वे आली, जिनिंग आणि प्रेस आले, गिरण्या आल्या, आणि त्या प्रत्येक बॉयलरमागं विटांचं उंच धुराडं उभं राहिलं. ते किती उंच हवं, किती रुंद हवं, काजळी कुठून काढायची, हे तेव्हाचे मिस्त्री जाणत होते. त्या धुराड्याची उंची पैसे वाचवायला निम्मी करू, असं एकाही मालकाला सुचलं नाही, कारण ओढ गेली तर वाफ गेली आणि वाफ गेली तर कापूस तसाच पडून राहिला असता. घरातलं उदाहरण पाहिजे असेल तर तांब्याचा बंब आठवा. मधोमध उभी नळी, खाली जाळी, जाळीखाली राखेची जागा, भोवती पाणी. खालून हवा शिरते, जाळ नळीतून वर चढतो, जाता जाता पाणी तापवतो आणि धूर वरच्या तोंडानं निघतो. बंब नीट पेटला की त्याचा आवाज येतो, तो घुमतो. तो आवाज म्हणजे ओढ. ती तत्त्वानं समजावून न सांगता आपल्या आज्यांना कळत होती. बंब धुमसायला लागला की त्या आधी नळी साफ करायच्या.

आणि प्रयत्नही इथलेच आहेत. बडनेऱ्याहून याच लोहमार्गानं पूर्वेला वर्धा. तिथल्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम चालायचं, जे. सी. कुमारप्पा ते पाहायचे, आणि तिथंच चाळीसच्या दशकात मगन चूल आकाराला आली: मातीची, एकामागं एक भांडी ठेवायची सोय असलेली, शेवटी धुराडं असलेली. त्यानंतर हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीवर काम केलं आणि १९५३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. या माणसांना ओढ म्हणजे काय हे नेमकं ठाऊक होतं. त्यांच्या चुलींत जाळाची वाट, भांड्याखालची पोकळी आणि धुराडं या तिन्हींचा एकमेकांशी हिशेब होता. चूल आणि धुराडं मिळून एक वस्तू, हे त्यांनी कधी सोडलं नाही.

ते सोडलं नंतर. १९८३ च्या अखेरीस राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये केंद्रानं तो थांबवला. मधल्या काळात देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसल्याची नोंद झाली. नोंद व्हायची ती बसवलेल्या चुलीची. बसवणाऱ्याला पैसे मिळायचे ते चुलीमागं. ती चूल सहा महिन्यांनी ओढते की नाही हे पाहायला येणाऱ्याला कोणी पैसे देत नव्हतं. धुराडं म्हणून यायचे ते सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे तीन-चार इंची तुकडे. एक तडकला तर तसाच दुसरा गावात मिळत नसे. छपरात भोक पाडलं जायचं, पण पाइप आणि टिन यांच्यातली फट बुजवायची कशी हे कोणी सांगत नसे, मग पहिल्याच पावसात पाणी थेट चुलीत. वऱ्हाडात किती धुराडी धुरामुळं नव्हे तर गळतीमुळं निघाली, हे कुठल्या अहवालात नाही, पण कुठल्याही गावात पन्नाशीपुढच्या बाईला विचारा. ती आधी पावसाचंच सांगेल.

आता तो पाइप. सगळा वाद शेवटी या एका वस्तूवर येऊन थांबतो, म्हणून तिथं जरा थांबू.

नव्या वस्तीतल्या एका खानावळीत मागच्या खोलीतली चूल धूर खोलीतच टाकत होती. पाइप काढला तेव्हा मी तिथं होते. जस्ताच्या पत्र्याचा, तीन इंची, तीन तुकड्यांचा. खालच्या तुकड्यात कोरडी भुसभुशीत काजळी होती, पाइप आपटला की भुरुभुरु पडणारी. छपराच्या वरच्या तुकड्यात मात्र काळा, चकचकीत, कडक थर, नखानं खरवडूनही न निघणारा. त्यातून दोन बोटं जातील एवढीच वाट उरलेली. सांध्यांवरून तपकिरी ओघळ बाहेरच्या अंगानं खाली आलेले, भिंतीवर वाळलेले. पाइप बसवणारा पोरगा हजर होता, मनानं चांगला, कामाला चोख. तो म्हणाला, "पाइप त पाइप होय ना काकू, तीनचा काय अन् चारचा काय. धूर त जातेच ना वर." खानावळवाल्या बाईनं पदरानं डोळे पुसत विचारलं, "वर जाते म्हणते, मंग माह्या डोयात कायले येते?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे. तीन इंची पाइपचं तोंड साधारण सात चौरस इंच, चार इंचीचं साडेबारा. एक इंच वाढवला आणि वाट पावणेदोन पट झाली. आता दोन्हीत सगळीकडून पाव इंच काजळी धरू द्या. तीन इंचीची वाट पाच चौरस इंचांखाली येते. चार इंचीची साडेनऊच्या वर राहते. म्हणजे काजळी धरलेला चार इंची पाइपसुद्धा कोऱ्या तीन इंचीपेक्षा मोकळा. पऱ्हाटीसारखं जळण भडकन पेटतं, जाळ लांब करतं आणि काजळी भरपूर टाकतं. तिला तीन इंची वाट देणं म्हणजे पाइप तुंबण्याची तारीख आधीच ठरवून ठेवणं. चुलीच्या किंवा शेगडीच्या धूर बाहेर पडायच्या तोंडापेक्षा पाइप कुठंही बारीक होता कामा नये. दोन वैलांच्या घरगुती चुलीला चार इंच हे किमान समजा, मोठ्या चुलीला सहा.

दुसरी गोष्ट वऱ्हाडातल्या उन्हाची. धुराडं ओढतं ते आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असते म्हणून. बाहेरची हवाच तापली की हा फरक कमी होतो. जानेवारीच्या पहाटे १० अंश असताना धुराड्याला जी ओढ मिळते ती मेच्या दुपारी ४४ अंशांत सुमारे एक तृतीयांशानं घटते, तेही आतला धूर दोन्ही वेळा १५० अंशांवर आहे असं धरून. आणि तोच धूर पातळ पाइपात निवून १०० अंशांवर आला तर उरलेल्या ओढीतली आणखी चाळीस टक्के जाते. थंड देशांतल्या पुस्तकांतली उंची इथं उचलून चालत नाही. इथं ती पुरेशी नसते, कारण आपल्याला धुराड्याची सगळ्यात जास्त गरज ज्या महिन्यांत असते त्याच महिन्यांत ते सगळ्यात कमी ओढतं. उपाय दोनच: उंची द्या आणि धूर पाइपात निवू देऊ नका. चुलीच्या तोंडापासून टोपीपर्यंत दहा-बारा फूट सरळ उभं जाऊ द्या. छपरातून जिथं पाइप बाहेर पडतो तिथून तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत शेजारची भिंत, पाण्याची टाकी, जिन्याची खोली असं काही उंच असेल तर त्याच्याही वर दोन फूट. नाहीतर वारा त्या भिंतीवर आपटून धूर परत खाली ढकलतो. काटकोनी वळण टाळाच. वळण घ्यावंच लागलं तर तिरकं घ्या, आणि एकच.

धूर निवण्याचा दुसरा तोटा त्या चकचकीत थरात दिसतो. पाइपची आतली बाजू साधारण १२० अंशांखाली गेली की धुरातलं डांबर तिथं गोठायला लागतं. काजळी झाडता येते, डांबर झाडता येत नाही. ते साचतं, आणि एखाद्या दिवशी मोठा जाळ झाला की पेटतं. पेटलेलं धुराडं हजार अंशांच्या पुढं जातं. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं. ज्या पडवीवर कवेलूंखाली बांबूचे डांडे आहेत, शेजारी कडब्याची गंजी आहे, उन्हाळ्याचा वारा आहे, तिथं हे होणं म्हणजे काय ते लिहायला नको.

म्हणून चांगलं धुराडं म्हणजे नुसता पाइप नव्हे. ज्या देशांत लाकडाच्या शेगडीवर घर तापवतात तिथं धुराडं तुकड्यांचा संच म्हणून विकलं जातं आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्यासाठीच केलेला असतो. छपरातून जाणारा भाग दुहेरी असतो: आत स्टेनलेस स्टील, मध्ये खनिज लोकर, बाहेर दुसरं कवच. युरोपातल्या मानकात असा पाइप धुराड्याला लागणाऱ्या आगीसाठी तपासतात, १००० अंशांत ३० मिनिटं. त्यात टिकला तरच त्याच्या खुणेत 'जी' हे अक्षर येतं आणि त्यापुढचा आकडा सांगतो की लाकडासारख्या जळणाऱ्या वस्तूपासून तो किती मिलिमीटर दूर ठेवायचा. एकेरी पाइपला हेच अंतर अमेरिकेत १८ इंच धरतात. आपल्याकडं कवेलूच्या डांड्यापासून पाइप किती दूर असतो? बहुतेक वेळा डांडा कापायचा कंटाळा म्हणून पाइप त्याला चिकटूनच जातो.

तसा तयार संच बडनेऱ्यात मिळत नाही, मान्य. पण तो इथं करता येत नाही हे मान्य नाही. जनरेटरचे, बेकरीचे, बॉयलरचे दुहेरी पाइप फॅब्रिकेशनवाले रोज करतात. सगळं धुराडं दुहेरी करायचीही गरज नाही. खोलीतला भाग एकेरी राहू दे, त्याची ऊब थंडीत कामाचीच असते. छपरातून जाणारा आणि वरचा उघड्यावरचा तुकडा दुहेरी करा, खर्च तेवढ्यापुरता. आतलं नळकांडं स्टीलचं, आणि स्टील म्हणजे कुठलं ते बिलावर लिहून घ्या. बाजारात स्वस्त २०२ ला सर्रास स्टेनलेस म्हणून विकतात. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे माल चांगला, ही समजूत चुकीची आहे, कारण तो २०२ लाही चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही. धुरातल्या आम्लाला २०२ लवकर गंजतं, ३०४ बरंच जास्त टिकतं, ३१६ आणखी. जस्ताचा पत्रा बाहेरच्या कवचाला चालेल, आत नको. ॲस्बेस्टॉस कुठंच नको. त्याच्या तंतूंनी कर्करोग होतो हे आता वादातीत आहे, आणि तो पाइप कापताना, तडकताना तेच तंतू उडतात. आणि पीव्हीसीचा पाइप धुराड्याला जोडणाऱ्याला थांबवा, मग तो घरचा माणूस का असेना. पाणी उकळतं त्याच्या आधीच पीव्हीसी मऊ पडतं आणि पेटलं तर विषारी आम्लाची वाफ सोडतं.

जोडणी उलटी असते, तिच्याकडं कोणी बघत नाही. वरच्या तुकड्याचं तोंड खालच्या तुकड्याच्या आत गेलं पाहिजे. पावसाच्या पन्हाळीला जसं जोडतात तसंच. मग डांबर आणि पाणी आतल्या आत उतरतं आणि चुलीच्या जाळात जळून जातं. बाहेरून टोपण घातल्यासारखा वरचा तुकडा बसवला की ते सांध्यातून बाहेर येतं. खानावळीतले तपकिरी ओघळ त्याचेच. तळाशी सरळ वाकण न देता टी जोडायचा आणि त्याला खालून काढता येईल असं झाकण: काजळी काढायची वाट. हे झाकण नसलेलं धुराडं साफ करायचं तर पूर्ण उतरवावं लागतं, म्हणजे ते कोणी साफ करत नाही. वर टोपी हवी, पण पाइपच्या तोंडापासून निदान पाइपच्या रुंदीएवढी वर. ठिणग्या अडवायला जाळी लावायची तर अर्ध्या इंचाच्या भोकांची. बारीक जाळी पंधरा दिवसांत काजळीनं बंद होते. आणि टिनाच्या छपराला पाइपभोवती पत्र्याची गळपट्टी, वरच्या बाजूनं टिनाच्या पन्हाळीखाली सरकवलेली, खालच्या बाजूनं टिनावर आलेली. हे एवढं केलं असतं तर पावसानं निघालेली धुराडी निघाली नसती.

आता त्या अभ्यासाकडं वळते, कारण परिसंवादांतलं ते सगळ्यात मोठं शस्त्र आहे. ओडिशात सुमारे २६०० घरांत, ग्रामविकास या संस्थेनं बसवलेल्या धुराड्याच्या चुलींवर, एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना यांनी काही वर्षं नजर ठेवली. तो अभ्यास २०१६ मध्ये एका नामांकित अर्थशास्त्रीय नियतकालिकात आला. त्यातलं शेवटचं वाक्य सगळे सांगतात: दीर्घकाळात धुरात काही फरक पडला नाही, तब्येतीतही नाही. त्याआधीचं वाक्य कोणी सांगत नाही. पहिल्या वर्षी श्वासात जाणारा धूर कमी झाला होता. पुढं चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, दुरुस्त झाल्या नाहीत, आणि फायदा विरून गेला. हा अभ्यास प्रामाणिक आहे आणि मी त्याच्याशी भांडत नाही. मी भांडते ते त्याच्या आडून धुराड्याला फाशी देणाऱ्यांशी. देखभालीशिवाय धुराडं बंद पडतं, हे त्यानं सिद्ध केलं. हातपंपही बंद पडतो, म्हणून कोणी विहिरीतलं गढूळ पाणी प्या म्हणत नाही.

देखभाल झाली तर काय होतं, याचाही पुरावा आहे. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ५३० घरांत चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या घरांना विटांची, पक्क्या धुराड्याची चूल दिली आणि दर आठवड्याला घरभेट ठेवली. २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले. मुलांच्या वाट्याला येणारा धूर सरासरी निम्म्यावर आला. डॉक्टरांनी तपासून ठरवलेल्या एकूण न्यूमोनियात दिसलेली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरी उतरली नाही, हे लपवायचं कारण नाही, पण गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशानं घटला. चीनच्या युन्नान प्रांतात शुआनवेई नावाचा भाग आहे. तिथं घरात धुरकट कोळसा जाळायचे आणि बायकांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग भयंकर होता. सत्तरच्या दशकापासून लोकांनी चुलींना धुराडी जोडली. पुढं हजारो माणसांचा मागोवा घेऊन २००२ मध्ये जे छापून आलं त्यात धुराडं जोडलेल्यांमधला कर्करोगाचा धोका पुरुषांत ४१ आणि बायकांत ४६ टक्क्यांनी कमी निघाला. इंधन तेच होतं. बदललं ते धुराडं.

एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो: धुराडं धूर नाहीसा करत नाही, बाहेर ढकलतं. दाट वस्तीत एकाच्या धुराड्यातला धूर दुसऱ्याच्या खिडकीत जातो. स्मिथ यांनीही हे वारंवार सांगितलं आणि पुढं ते स्वच्छ इंधनाच्याच बाजूनं झुकले. याला माझं उत्तर एवढंच की चुलीपासून हातभर अंतरावर तोंड असलेल्या बाईच्या श्वासात धुराचा जो वाटा जातो तो छपरावर तीन फूट उंच सोडलेल्या धुरातून शेजाऱ्याच्या श्वासात जाणाऱ्या वाट्याहून कितीतरी मोठा असतो. शेजाऱ्याची काळजी आहे तर उंची वाढवा. ती काळजी सांगून बाईला धुरात बसवून ठेवू नका. धुराड्यानं जळण जास्त जातं हेही काही अंशी खरं आहे, विशेषतः ओढ बेफाम असली तर. त्यासाठी पाइपात फिरती झडप असते, जाळ धरला की ती थोडी आडवी करायची, पूर्ण बंद कधीच नाही. आणि धुरानं वाळवी लागत नाही, बियाणं टिकतं, हे म्हणणारे म्हातारे खोटं बोलत नाहीत. चुलीवर टांगलेली मक्याची कणसं मीही पाहिली आहेत. पण टिनाला आणि स्लॅबला वाळवी लागत नाही, आणि बियाणं आता पिशवीतून येतं.

मग करायचं काय? मला एक काम नेमकं दिसतं आणि त्याला नवी योजना लागत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं असतं आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली असते, असं योजनेच्या नियमातच आहे. आज ती जागा म्हणजे चार भिंती आणि एक खिडकी. स्लॅब पडला की त्यात कोणी भोक पाडत नाही. टिन ठोकलं की कोणी गळपट्टी घालत नाही. म्हणून घरकुलाच्या अंदाजपत्रकात स्वयंपाकाच्या कोपऱ्यावर, स्लॅब टाकतानाच, बारा इंची बाही सोडायची: सहा इंची आतली नळी, भोवती दोन इंच लोकर, असा दुहेरी तुकडा आरामात बसेल एवढी. घरात गॅसच राहिला तर वर झाकण टाका, काही बिघडत नाही. चूल राहिली तर धुराड्याला वाट तयार आहे. टिनाच्या घरांना गळपट्टीसकट तयार तुकडा पंचायत समितीच्या दरसूचीत घाला, स्टीलचा दर्जा आणि जाडी लिहून, म्हणजे तीन इंचीचं बिल चार इंचीच्या नावावर निघणार नाही. आयटीआयच्या पत्राकाम शिकणाऱ्या मुलांना जोडणीची दिशा, टी, टोपी आणि उंची हे चार तासांत शिकवता येतं. खानावळीतल्या त्या पोराला ते कोणी शिकवलंच नव्हतं. आणि बसवल्याचे सगळे पैसे एकदम देऊ नका. निम्मे बसवल्यावर आणि निम्मे पुढच्या वर्षी, एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर, तळाचं झाकण उघडून काजळी काढून दाखवल्यावर द्या. पाहणीला इंजिनिअर आला नाही तरी चालेल. त्या घरात रोज चूल पेटवणाऱ्या बाईची सही घ्या आणि तिच्या सहीशिवाय दुसरा हप्ता काढू नका.